तिकीट बंद, प्रॉब्लेम चालू

मागच्या वीकांताला मामांकडे जाऊन आलो. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. गाव नारायणगावच्या पुढे, येडगावच्या कालव्याखाली. चाकणच्या ट्रॅफिकने कृपा केली तर पुण्याहून अडीच तास, नाहीतर मग मोजू नये. लहानपणी सगळी मे महिन्याची सुट्टी तिथेच जायची. आता वर्षातून दोन-तीन चकरा होतात, त्याही लॅपटॉप घेऊन. असो.

रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. मामींनी सांगून ठेवलं होतं की अंधार पडल्यावर अंगणाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, बिबट्या फिरतोय. मामांनी मध्येच विचारलं, "काय रे, तुमच्या हापिसात एखादं काम झालं का नाही झालं, हे ठरवतं कोण?"

मी हौसेने सांगितलं. गिऱ्हाईक तक्रार करतं, तिला आम्ही तिकीट म्हणतो. मग आम्ही कोड लिहितो, टेस्टर तपासतो, सगळं हिरवं दिसलं की तिकीट बंद.

"ते झालं. पण ज्याने तक्रार केली त्याचं काम झालं का, ते कोण बघतं?"

मी जरा चाचरलोच. कारण एका जुन्या प्रोजेक्टात आमच्या टीमने एका तिमाहीत विक्रमी तिकिटं बंद केली होती, त्याबद्दल पिझ्झाही खाल्ला होता, आणि पुढच्याच तिमाहीत ते गिऱ्हाईक आम्हाला सोडून गेलं होतं. ही गोष्ट मामांना सांगितली तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच की! सरकारचं तिकीट बंद होतं, आमची तक्रार चालूच राहते."

परत येताना गाडीत तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. म्हणून आजचा हा लेख. शेतीतलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण एखादी गोष्ट चालते की नाही हे तपासण्याचा पगार मला मिळतो, आणि सरकारी शेती-धोरणांच्या बाबतीत नेमकं तेच तपासणं राहून जातं, असं माझं मत आहे. योजना वाईट असतात असं नाही. त्या मोजल्या जातात चुकीच्या ठिकाणी.

बिबट्यापासूनच सुरुवात करू. जुन्नर-आंबेगाव म्हटलं की हल्ली शहरातल्या लोकांना शिवनेरी आणि भीमाशंकरच्या आधी बिबट्या आठवतो. कुकडी प्रकल्पात माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं झाली. पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला, आणि उसात बिबट्याला घर मिळालं. लपायला जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री, डुकरं, शेळ्या. माणसांवर हल्ले झाले की लोक साहजिकच चिडतात, आणि वनखात्यावर दबाव येतो की पकडा आणि न्या.

२००१ ते २००३ मध्ये जुन्नर वनविभागात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. वस्तीजवळचे बिबटे पिंजऱ्यात पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडले गेले. आता हे काम पिंजरे आणि पकडलेले बिबटे मोजून तपासलं तर योजना सुपरहिट! पण विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी मोजले हल्ले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवायला लागल्यावर ते वर्षाला १७ झाले. त्यातल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. अनोळखी मुलखात सोडलेलं बिचकलेलं जनावर माणसाला जास्त धोकादायक ठरलं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

एकच योजना. पिंजरे मोजले तर पास, माणसं मोजली तर नापास. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. बाकी नुसती उदाहरणं.

आता मामींच्या 'अंगणापुढे जायचं नाही' या नियमाकडे परत येतो. अंगणापुढे गेल्याशिवाय मामांचं भागतच नाही. कारण शेतीपंपाची थ्री फेज वीज बरीच वर्षं पाळीपाळीने आली आहे, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की एक वाजता बॅटरी आणि काठी घेऊन उसाच्या कडेने मोटर चालू करायला जायचं. एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना महाराष्ट्रात मोफत वीज दिली गेली. किती लाख पंप, किती हजार कोटी, हे आकडे जाहिरातीत आले. मामांना विचारलं, फायदा झाला का? म्हणाले, "बिल गेलं, ते चांगलंच झालं. पण मला कोणी विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं की पैसे घ्या पण लाईट दिवसा द्या."

दिवसा वीज द्यायची योजना नाही असं मुळीच नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्येच सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. कल्पना उत्तम आहे. गावाजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. पण तिचं यश आपण मेगावॉटमध्ये ऐकतो. मेगावॉट हे माझ्या भाषेत 'किती ओळी कोड लिहिला' असं झालं. मला ऐकायचंय वेगळंच : जुन्नर तालुक्यातल्या किती फीडरवर आता रात्रीची पाळी पूर्ण बंद झाली? ज्या दिवशी तो आकडा गावाच्या चावडीवर लागेल त्या दिवशी योजनेचं मूल्यमापन सुरू झालं, असं मी म्हणेन.

आता कांदा. (इथे जरा सावरून बसा, कारण आरोपींच्या पिंजऱ्यात तुम्ही-आम्ही पण आहोत.)

मामांकडे कांदाचाळ आहे. बांबू आणि जाळीची, खालून-वरून वारा खेळेल अशी, अनुदानातून बांधलेली. योजनेमागचा विचार एकदम बरोबर. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, तेव्हा सगळ्यांचाच निघतो आणि भाव पडतो. शेतकऱ्याकडे साठवायची सोय असेल तर तो थांबू शकेल आणि पावसाळ्यात भाव आल्यावर विकू शकेल. थोडक्यात, चाळीला अनुदान म्हणजे सरकारने शेतकऱ्याला दिलेला सल्ला आहे : बाबा रे, थांब.

२०२३ साली मामा थांबले. जूनमध्ये थांबले, जुलैमध्ये थांबले. चाळीतला कांदा काय फिक्स्ड डिपॉझिट नाही. रोज थोडं वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतो, दर पंधरवड्याला माणसं लावून निवडावा लागतो. ऑगस्टमध्ये भाव हलायला लागला, आणि १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. तेही पुरेना म्हणून ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतची होती, ती पुढे वाढवली आणि ४ मे २०२४ ला उठवली, तीही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते शून्य झालं. त्याआधी २०१९ आणि २०२०, दोन्ही वर्षी सप्टेंबरात बंदी आलीच होती. म्हणजे पाच वर्षांत तीन वेळा.

आता यात गंमत (गंमत कसली डोंबलाची) अशी की, एक खातं सांगतं साठव, दुसरं खातं म्हणतं साठवलेल्याला भाव आला की आम्ही दार लावणार. दोन्ही खात्यांचे रिपोर्ट स्वतंत्रपणे झकास. एवढ्या हजार टन क्षमतेच्या चाळी बांधल्या : यशस्वी. कांद्याचे किरकोळ भाव आटोक्यात ठेवले : यशस्वी. आमच्याकडे याला म्हणतात, दोन्ही मॉड्यूलच्या टेस्ट पास आणि एकत्र चालवलं की सिस्टिम बसली. एकत्र चालवून बघणारा माणूस सरकारात कोणता? मला तरी सापडला नाही. एकत्र चालवून बघणारे मामाच, आणि ते स्वतःच्या पैशाने.

सरकारची बाजू मला कळत नाही असं नाही. ज्याच्या घरात महिन्याला बारा-पंधरा हजार येतात त्याला कांदा साठ रुपयांवर गेला तर खरंच टोचतं, आणि त्याचा विचार सरकारने करायलाच पाहिजे. त्यासाठीच २०२३ मध्ये कांद्याचा राखीव साठा ३ लाखांवरून ५ लाख टनांपर्यंत न्यायचं ठरलं, ज्यादा खरेदी क्विंटलला २,४१० रुपयांनी जाहीर झाली आणि शहरांत २५ रुपये किलोने विक्री सुरू झाली. याला माझा आक्षेप नाही, उलट हाच रस्ता बरा. गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा तर तो सरकारी तिजोरीतून द्या, म्हणजे बिल आपण सगळे मिळून भरू. निर्यातबंदीत तेच बिल गुपचूप ओतूर आणि मंचरच्या बाजारात बसलेल्या माणसाच्या पट्टीतून कापलं जातं. शिवाय ते गरिबाच्या नावाने कापतात आणि माझ्यासारख्याला पण सूट देतात. मी महिन्याला इंटरनेट आणि कॉफीवर जेवढे उडवतो त्यात वर्षाचा कांदा येतो! मला कशाला हवी मामांच्या खिशातून सबसिडी?

आता कबुली. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो दीडशेच्या वर गेला तेव्हा हापिसात जोक फॉरवर्ड करण्यात मीही पुढे होतो. त्याच वर्षी मे महिन्यात शेतकऱ्याला किलोला दोन-तीन रुपये मिळत होते आणि माल रस्त्यावर ओतला जात होता, तेव्हा एकही फॉरवर्ड केला नव्हता. उन्हाळ्यात मार खाल्लेल्यांनी पुढची लागवड कमी केली, पाऊस आणि रोगाने उरलेली झोडपली, आणि म्हणून जुलैमध्ये भाव फुटला. मे आणि जुलै या दोन वेगळ्या बातम्या नव्हत्याच, एकाच गोष्टीचे ते दोन अंक होते. त्या जुलैमध्ये दिल्लीच्या सरकारी पत्रकात चक्क नारायणगावचं नाव आलं, की ऑगस्टमध्ये तिकडचा माल येईल, धीर धरा. मे महिन्यात नारायणगावचं नाव कुठल्या पत्रकात होतं? मग १० ऑगस्टला नेपाळमधून टोमॅटो आयात करत असल्याचं लोकसभेत सांगितलं गेलं. सप्टेंबर उजाडेपर्यंत भाव परत जमिनीवर. त्या दोन महिन्यांत जुन्नरचे काही शेतकरी करोडपती झाले, त्यांचे फोटो सगळीकडे झळकले. ज्यांचा प्लॉट महिनाभर मागे होता त्यांचे फोटो कोण काढणार? मामांचा प्लॉट मागे होता.

टोमॅटो, कांदा, बटाटा या तिघांच्या भावातली ही उडी कमी करायची म्हणून २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात 'ऑपरेशन ग्रीन्स' आलं, ५०० कोटींचं. जुन्नर-आंबेगावसाठी तर ही योजना जणू मापाने शिवलेली होती. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, सातगाव पठारचा बटाटा. तिची परीक्षा एका ओळीची आहे : २०१८ आधी भाव जेवढे उडायचे, त्यापेक्षा आता कमी उडतात का? २०२३ चं साल तुमच्यासमोर आहे, मार्क तुम्हीच द्या.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळं बागायतदारांचं रडगाणं झालं. बरोबर आहे. म्हणून आता तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ.

जुन्नर आणि आंबेगावची एक खोड आहे : दोन्ही तालुके मधोमध दुभंगलेले आहेत. पूर्वेला कालवा, ऊस, टोमॅटो, साखर कारखाने. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, महादेव कोळ्यांची गावं, उतारावरची भातखाचरं आणि हिरडा. पाऊस पश्चिमेला, धरणं पश्चिमेला, बुडालेल्या जमिनी पश्चिमेच्या. पाणी मात्र पूर्वेला, आणि तिथून पुढे अहिल्यानगर, सोलापूरपर्यंत. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन फिरतात. आणि सकाळी नारायणगावच्या मजूर बाजारात जी माणसं कामाची वाट बघत उभी असतात, त्यात पश्चिमेची पुष्कळ. मामांचा टोमॅटो तीच तोडतात.

आता या तालुक्याची 'सरासरी' काढा. सिंचन बरं, उत्पन्न बरं, बाजारपेठ उत्तम. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास दाखवायचा आणि निम्म्या युजरचं पान उघडतच नाही, तसला प्रकार. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पश्चिमेच्या हिरड्याचं प्रचंड नुकसान झालं. त्या घरांचं वर्षातलं मुख्य रोख उत्पन्न ते. पण भरपाईचे निकष पिकांसाठी आणि फळबागांसाठी लिहिलेले. हिरडा त्यात धड कुठेच बसेना, आणि लोकांना पुढची कित्येक वर्षं भरपाईसाठी आंदोलनं करावी लागली. योजनेच्या फॉर्मवर ज्याचा रकानाच नाही, त्याचं नुकसान रिपोर्टमध्ये शून्य दिसतं. झालंच नाही म्हणून शून्य नव्हे, विचारलंच नाही म्हणून.

पडकईची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. पडकई म्हणजे उतारावरची जमीन दगडी बांध घालून खाचरात बदलायची या भागातली जुनी रीत. गावाने एकत्र येऊन आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात असं करत हाताने केलेली. रोजगार हमीतून ही कामं व्हावीत म्हणून डिंभ्याच्या 'शाश्वत' संस्थेने वर्षानुवर्षं धडपड केली, आणि २०१२ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुढे सरकारनेही पडकईचा कार्यक्रम घेतला. मग ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर बोट ठेवलं गेलं, तर दुसऱ्या बाजूने अतिवृष्टी आणि मुळातली ठिसूळ जमीन दाखवली गेली. त्या वादात निकाल द्यायची माझी पात्रता नाही. पण उतारावरच्या कामात हेक्टर मोजायचे की पाच पावसाळ्यांनंतर किती बांध जागेवर उभे आहेत ते मोजायचं, या प्रश्नाचं महत्त्व कळायला इतकी मोठी किंमत पडायला नको होती.

आणि मोजमाप चुकलं की काय होतं याचा अगदी ताजा नमुना म्हणजे एक रुपयातला पीकविमा. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्रात सुरू झाला. अर्ज दीड कोटींच्या पुढे गेले, आणि तो आकडाच यश म्हणून मिरवला गेला. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राला अर्जामागे ४० रुपये मिळत. मग अर्ज वाढणार नाहीत तर काय होईल? बोगस अर्ज सापडले आणि २०२५ मध्ये योजना गुंडाळून पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्के, नगदी पिकांना ५ टक्के हप्ता आला. ज्याचं खरंच पीक गेलं त्याला किती दिवसांत पैसे मिळाले, हा आकडा पहिल्या दिवसापासून मुख्य ठेवला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

मग करायचं काय? माझ्या मते चार साध्या गोष्टी.

एक, योजना जाहीर करतानाच लिहून ठेवा की दोन वर्षांनी कुठला एक आकडा बदललेला दिसेल. आणि तो आकडा शेतकऱ्याच्या अंगणातला पाहिजे. रात्रपाळी संपलेले फीडर, भरपाई मिळायला लागलेले दिवस, वर्षभरातल्या भावाची उडी.

दोन, तालुक्याची सरासरी सांगू नका. पूर्व-पश्चिम वेगळं सांगा, मंडळनिहाय सांगा.

तीन, निर्यातीचे नियम हंगामाआधी सांगा. भाव अमुकच्या वर गेला तर तमुक शुल्क, एवढेच दिवस, हे लागवडीच्या वेळी माहीत असेल तर मामा तसा हिशोब करतील. चालू सिस्टिममध्ये शुक्रवारी संध्याकाळी बदल करू नये हा आमच्यातला पहिला धडा. (१९ ऑगस्ट २०२३ शनिवार होता, हे जाता जाता.)

चार, परीक्षा घेणारा आणि योजना चालवणारा एकच नको. आम्ही पण आमचा कोड स्वतः पास करत नाही.

हे सगळं सरकारने उद्या सकाळी करावं असं मला वाटतं, पण करेल असं नाही. आपल्या हातात काय आहे? भाव वाढला की आपण जो आरडाओरडा करतो तो थेट धोरण होऊन मामांच्या चाळीवर जाऊन आदळतो. आपण या सिस्टिमचे सगळ्यात मोठ्या आवाजाचे युजर आहोत. तेवढा आवाज मे महिन्यात, माल रस्त्यावर पडलेला असताना केला, तरी खूप झालं.

रविवारी निघताना मामांनी डिकीत कांद्याची अर्धी पिशवी टाकली. मी म्हटलं, "मामा, एवढा कशाला, राहू द्या की विकायला." ते म्हणाले, "घेऊन जा. तुझ्याकडे गेलेल्याचा भाव तरी कोणी पाडणार नाही."

खिडकीत जाळीच्या पिशवीत टांगून ठेवलाय. दर रविवारी निवडतो. आजच दोन सडके निघाले.